होतकरू देशांना हिताच्या काही गोष्टी

तुमच्या हाती एखादा देश लागला असेल आणि तो विकसित करून टाकावा असं मनात आलं असेल, तर पहिली सूचना सोपी आहे: शक्यतो अठराव्या शतकात सुरुवात करा. तेव्हा स्पर्धक कमी असतात, कामगार कायदे नसतात आणि धूर मोजायचं कुणाच्या डोक्यातही आलेलं नसतं. ते जमणार नसेल तर उशिरा आलेल्यांच्या रांगेत उभे राहा आणि मानवी भूगोलाचं पाठ्यपुस्तक उघडा.

त्यात तुम्हाला रोस्टो भेटतील. या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६० साली विकासाच्या पाच अवस्था मांडल्या: पारंपरिक समाज, उड्डाणपूर्व तयारी, उड्डाण, परिपक्वतेकडे वाटचाल आणि शेवटी भरघोस उपभोगाचं युग. उड्डाणासाठी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या आतबाहेर रेंगाळणारी गुंतवणूक १० टक्क्यांच्या वर न्यायची. धावपट्टीवर आधीच कुणाची विमानं उभी असली तर काय करायचं, हा प्रश्न परीक्षेला येत नाही. तुम्हीही विचारू नका.

दुसरं पथ्य: पुढे गेलेले काय सांगतात ते ऐका, त्यांनी काय केलं ते बघू नका. बघायचंच असेल तर दार लावून बघा. ब्रिटनने आपल्या लोकांना भारताचं स्वस्त आणि देखणं छापील सुती कापड मिळू नये म्हणून १७०० साली त्याची आयात अडवली. लोक तरीही ऐकेनात, तेव्हा १७२१ मध्ये छापील सुती कापड अंगावर घालण्यावरच बंदी आणली. बायकांनी काय नेसावं हे संसदेने ठरवायचं, याला तेव्हा कुणी मागासलेपणा म्हटलं नाही. पुढे सूतकताईची यंत्रं घरच्या घरी फिरू लागली आणि १७७४ मध्ये बंदी उठली. मग पाळी आली यंत्रांची. ती देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून कायदे झाले आणि कापडगिरणीच्या यंत्रांवरचा तो पहारा १८४३ पर्यंत टिकला. त्यानंतर तीनच वर्षांनी धान्यावरची संरक्षक जकात रद्द करण्याचा निर्णय झाला. मुक्त व्यापार हे सनातन सत्य असल्याचा साक्षात्कार हा असा, सगळी सोय लागल्यानंतर होतो.

तंत्रज्ञान कसं मिळवावं, याचाही धडा तयार आहे. सॅम्युएल स्लेटर नावाच्या इंग्रज तरुणाने डर्बीशायरच्या एका सूतगिरणीत कित्येक वर्षं उमेदवारी केली. १७८९ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो अमेरिकेच्या जहाजात बसला. कुशल कारागिरांना देश सोडायला मनाई होती, म्हणून त्याने आपण शेतकरी असल्याचं सोंग घेतलं, असं सांगतात. झडतीत सापडेल असा एकही आराखडा जवळ नव्हता, कारण आर्कराइटच्या सूतकताई यंत्राची सगळी रचना त्याच्या डोक्यात होती. वर्षभरात ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटला यंत्रं फिरू लागली. त्यांच्यावर पहिले कामगार होते सात ते बारा वर्षांची मुलं. इंग्लंडने त्याला गद्दार ठरवलं, तर अमेरिकेत अध्यक्ष जॅक्सन यांनी अमेरिकी कारखानदारीचा जनक म्हणून त्याचा गौरव केला. पुढे त्याच अमेरिकेने यादवी युद्धानंतरचं एकोणिसावं शतक बहुतांशी ४० टक्क्यांच्या वरच्या जकातीआड सुखाने काढलं. तुम्ही मात्र यातलं काही करू नका. आता त्याला बौद्धिक संपदेची चोरी म्हणतात आणि जकात वाढवली की जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार जाते.

मग तुमच्यासाठी उरतं काय? कुंपण. एखादी सपाट जमीन बघा, तिच्याभोवती तार घाला आणि आत आपलेच कायदे शिथिल करा. आयर्लंडने शॅनन विमानतळाजवळ १९५९ साली अशी जागा आखली, मेक्सिकोने १९६५ पासून अमेरिकेच्या सीमेलगत तोच कित्ता गिरवला. जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबरने १९०९ मध्ये वाहतूकखर्च, मजुरी आणि उद्योगांची जवळीक यांचा हिशोब करून कारखाना कुठे जाईल ते सांगितलं होतं. पहिली आणि शेवटची गोष्ट तुम्ही बदलू शकत नाही, तेव्हा हात घालायला मजुरीच उरते. ती इतकी खाली आणा की कच्चा माल आणि बाजारपेठ यांच्यामधला वेबरचा त्रिकोण आपोआप तुमच्याकडे झुकेल. कापडगिरण्या न्यू इंग्लंडहून अमेरिकेच्या दक्षिणेत आणि तिथून आशियात गेल्या, त्या काही हवापालटासाठी नव्हे. शेजारच्या देशात आणखी स्वस्त माणूस मिळाला की त्या तिकडे जातील. कुंपण तेवढं तुमच्याकडे राहील.

प्रगती मोजायला राष्ट्रीय उत्पन्न पुरेसं आहे. जंगल तोडलं की ते वाढतं, धुराने छाती भरलेल्यांवर उपचार केले की आणखी वाढतं. ज्यांनी ही मोजदाद उभी केली त्या सायमन कुझ्नेट्स यांनीच १९३४ मध्ये बजावलं होतं की या आकड्यावरून लोकांच्या कल्याणाचा अंदाज बांधता येत नाही. पण तो इशारा कोण वाचतो!

शेवटी नदी किंवा समुद्र, जे जवळ असेल ते. इथे जपानच्या मिनामाताकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. तिथल्या रसायन कारखान्याचं पाऱ्याचं सांडपाणी खाडीत जात होतं. मासे खाऊन मांजरं झटके येऊन नाचल्यासारखी करत आणि मरत. १९५६ मध्ये माणसांतल्या आजाराची अधिकृत नोंद झाली. १९५९ साली कारखान्याच्याच डॉक्टरने ते सांडपाणी मांजराला खाऊ घालून पाहिलं. मांजर आजारी पडलं आणि निष्कर्ष कपाटात गेला. त्याच डिसेंबरमध्ये सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचं थाटात उद्घाटन झालं आणि कंपनीच्या अध्यक्षांनी शुद्ध केलेलं म्हणून पेलाभर पाणी सर्वांसमोर पिऊन दाखवलं. पारा ज्या विभागातून येत होता, त्याचं सांडपाणी त्या यंत्रणेतून जातच नव्हतं. ते पुढे १९६८ पर्यंत समुद्रात जात राहिलं. पुढे खटल्यात असंही समोर आलं की ही यंत्रणा लोकांच्या समाधानासाठी बसवली होती, पारा काढण्यासाठी नव्हे.

तर तुमच्या उद्घाटनाला पेला स्वच्छ, पारदर्शक घ्या, म्हणजे फोटोत पाणी नीट दिसेल. अध्यक्षांना आधीच सांगून ठेवा की शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचं आणि हसायचं. आणि कार्यक्रमपत्रिकेत प्रश्नोत्तरं ठेवू नका. पाणी कुठल्या नळातून आणलं, हे विचारणारा एक तरी माणूस गर्दीत असतोच.