गोकू किंचाळतो, केस पिवळे होतात, दुष्ट मरतो... एवढंच?

‘ड्रॅगन बॉल झी’ या जपानी अॅनिमेशन मालिकेवरचा एक विनोद इतका फिरलाय, की मालिकेचा एकही भाग न पाहिलेल्यांनाही तो पाठ असतो. २९१ भागांची गोष्ट एका ओळीत: परग्रहावरून दुष्ट येतो, नायक गोकू किंचाळतो, केस पिवळे होतात, दुष्ट मरतो, पुढचा दुष्ट येतो. त्याच्या मागोमाग नेहमीची पुरवणीही येते. ज्याचा आकडा मोठा तो जिंकतो, गोकू म्हणजे सुपरमॅनची नक्कल, मार्शल आर्ट नावालाच, पाच मिनिटांत फुटणारा ग्रह दहा भाग फुटत नाही, आणि मेलेले सगळे परत येतात म्हणून कशालाच किंमत नाही.

विनोद म्हणून मलाही हसू येतं. पण हल्ली लोक तो परीक्षण म्हणून पुढे पाठवतात, तेव्हा एकेक मुद्दा तपासायलाच हवा. यातला एक मुद्दा पूर्ण खरा आहे आणि एक अर्धा, तेही सांगतो. (पुढे सगळी गोष्ट उघड होणार आहे. मालिका १९९६च्या जानेवारीत संपली, त्यामुळे रागावू नका.)

सुरुवात ‘दुष्ट मरतो’पासून. कोण कोणाला मारतं ते मोजू या. रॅडिट्झ हा पहिला हल्लेखोर, गोकूचा सख्खा भाऊ. त्याला गोकू मागून घट्ट धरून ठेवतो आणि पिकोलोचा किरण दोघांच्या आरपार जातो. म्हणजे पाचव्याच भागात नायक मेलेला. नाप्पाला गोकू लोळवतो, पण जीव घेतो त्याचाच सरदार व्हेजिटा. पुढचा मोठा दुष्ट फ्रीझा. त्याच्या खास पथकातले चौघे व्हेजिटाच्या हातून संपतात आणि त्यांचा कप्तान गिन्यू देहांची अदलाबदल करता करता बेडूक होऊन बसतो. फ्रीझा नामेक ग्रहावर हरतो पण मरत नाही. तो पृथ्वीवर येतो तेव्हा त्याचे तुकडे करतो भविष्यातून आलेला ट्रंक्स. डॉक्टर गेरोला त्यानेच घडवलेला सतरा क्रमांकाचा यंत्रमानव मारतो. त्या वेळी गोकू कुठे असतो? हृदयाच्या आजाराने अंथरुणाला खिळलेला. सेलला गोकूचा मुलगा गोहान संपवतो. बाबिडीला त्याचाच बू.

राहतो शेवटचा बू. त्याला गोकू मारतो, हो. पण कसा? सगळ्या जगाने हात वर करून दिलेल्या ऊर्जेच्या गोळ्याने. आणि तेव्हाही सुरुवातीला जग ऐकत नाही. आकाशातून कुणीतरी अनोळखी आवाजात ऊर्जा मागतंय, आपण का द्यायची? लोक हात वर करतात ते मिस्टर सेटन ओरडतो तेव्हा. सेलला आपणच हरवलं अशी थाप मारून जगज्जेता म्हणून मिरवणारा हा लबाड माणूस, पण लोकांचा त्याच्यावर विश्वास असतो. मालिकेचा शेवटचा विजय त्या विश्वासावर उभा आहे. विनोदाच्या एका ओळीत हे कुठे बसवणार?

आणि पिवळे केस? गोकूचे केस पहिल्यांदा पिवळे होतात ९५व्या भागात. एप्रिल १९८९मध्ये सुरू झालेल्या मालिकेत ते दिसायला १९९१ उजाडलं. तोवर जवळजवळ एक तृतीयांश मालिका काळ्या केसांवरच झाली होती. त्या केसांमागचं एक कारण तर अगदी घरगुती आहे. गोकूचे केस शाईने काळे भरण्यात मूळ मंगाच्या (जपानी चित्रकथेच्या) मदतनिसाचा फार वेळ जायचा. केस कोरे ठेवले की काम वाचायचं.

आता मला सर्वांत जास्त खटकणारा शब्द: ‘परग्रहावरून दुष्ट’. बाहेरचे वाईट, आपले चांगले, अशी मांडणी या मालिकेत आहे असं ज्याला वाटतं त्याने पृथ्वीच्या रक्षकांची हजेरी घ्यावी. गोकू हा सैयान, म्हणजे परग्रहावरच्या एका लढवय्या जातीचा. बाळ असताना त्याला पृथ्वीवर पाठवलं ते इथली माणसं संपवण्यासाठी, म्हणजे ग्रह विकायला मोकळा. डोक्यावर आपटला म्हणून ते काम विसरला. पिकोलो जग जिंकायला निघालेला, गोकूचा हाडवैरी. व्हेजिटा पृथ्वी उद्ध्वस्त करायलाच आलेला. अठरा क्रमांकाची स्त्री गोकूला मारण्यासाठी घडवलेली, आणि पुढे ती गोकूचा मित्र क्रिलिनशी संसार थाटते. इतकंच काय, पृथ्वीचा जो देव आहे, उंच मनोऱ्यावर राहून सगळ्यांवर लक्ष ठेवणारा, तोही नामेकवरून लहानपणी इथे आलेला निर्वासित. स्वतः कुठला हे त्यालाच म्हातारपणी कळतं.

म्हणजे पृथ्वी वाचवणाऱ्यांपैकी निम्मेअधिक लोक कधीतरी तिच्यावर चालून आलेले आहेत. मालिकेचा खरा विषय हाच आहे असं माझं मत आहे: चालून आलेला माणूस शेजारी कसा होतो. आणि ते गोड करून दाखवलेलं नाही. क्रिलिन तलवार घेऊन अर्धमेल्या व्हेजिटावर उभा असतो तेव्हा गोकू त्याला थांबवतो, आणि त्याचं कारण क्षमा नाही. याच्याशी पुन्हा लढायला मिळावं, ही त्याची हाव आहे. हे चुकतंय हेही त्याला कळतं. त्या हावेची किंमत दुसरेच मोजतात: व्हेजिटा नामेकवर जाऊन एका अख्ख्या गावाची कत्तल करतो, आणि कित्येक वर्षांनी, बायको-मुलगा असताना, पुन्हा बिथरून स्पर्धेच्या मैदानातल्या प्रेक्षकांवर स्फोट सोडतो. जीवदान दिलं की माणूस सुधारलाच, असा हिशेब इथे नाही. निर्माते आकिरा तोरियामा यांनाही गोकूला न्यायाचा पुतळा करणं पसंत नव्हतं. अॅनिमेशनमध्ये तो जास्त सज्जन झाला, अशी त्यांची तक्रार असे.

फ्रीझाकडेही नीट पाहा. तो ग्रह जिंकून तिथे राज्य करत नाही. रहिवासी हटवतो आणि ग्रह विकतो. जपानमध्ये जमिनीचे भाव आभाळाला भिडले होते त्या काळात हे पात्र आलं, आणि लोकांना घराबाहेर काढून जागा मोकळ्या करणाऱ्या सट्टेबाजांना तोरियामा सर्वांत वाईट माणसं मानत. फ्रीझा त्यांच्यावरूनच सुचला. बोलायला अदबशीर, हाताखाली पगारी माणसं. अंतराळातला जमीन-दलालच की.

‘ज्याचा आकडा मोठा तो जिंकतो.’ हा आरोप करणाऱ्यांनी ताकद मोजणारं ते डोळ्यावरचं यंत्र पाहिलं, पण ते कोण वापरतं हे पाहिलं नाही. ते वापरतात हल्लेखोर, आणि दर वेळी फसतात. रॅडिट्झला एक शेतकरी दिसतो, आकडा ५. गोकू दिसतो, ३३४. मग रडणाऱ्या चार वर्षांच्या गोहानचा आकडा ७१० येतो आणि तो यंत्रच बिघडलं असं समजतो. पृथ्वीवरचे लोक ताकद लपवू शकतात, वाढवू शकतात, यंत्राशिवाय ओळखू शकतात. यंत्रावर जगणाऱ्यांना हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. इंटरनेटवर अजरामर झालेलं ते ‘नऊ हजारांच्या वर’ वाक्यही मुळात आठ हजारांचं आहे. नऊ हजार इंग्रजी भाषांतरात झाले. आणि ते वाक्य बोलून व्हेजिटा करतो काय? यंत्र चुरगाळून टाकतो. पुढे त्याला खाली आणण्यात मोठा वाटा असतो याजिरोबेचा, खडकामागे लपून बसलेल्या एका घाबरट तलवारवाल्याचा, जो संधी साधून त्याची शेपटी कापतो, ज्या शेपटीच्या जोरावर तो महाकाय वानर झालेला असतो. फ्रीझा ५,३०,००० हा आकडा तोऱ्यात ऐकवतो आणि पृथ्वीवर आल्यावर त्याच्या सैनिकाला समोरच्या ट्रंक्सचा आकडा दिसतो ५. शेतकऱ्याएवढाच! काही क्षणांत सगळे मेलेले.

यावर कडी म्हणजे सेलचं प्रकरण. ट्रंक्स स्नायू फुगवून ताकदीत सेलच्या पुढे जातो आणि तरीही त्याला हात लावू शकत नाही, कारण तेवढ्या अंगाने वेग मारला जातो. सेल स्वतःच त्याला हे समजावून सांगतो. नंतर गोहानपुढे चिडलेला सेल नेमकी हीच चूक करतो. दरम्यान गोकू आणि गोहान सेलने ठेवलेल्या स्पर्धेआधीचे दिवस चक्क आराम करत घालवतात, त्या पिवळ्या रूपात सहज राहता यावं म्हणून.

यातच मार्शल आर्टच्या मुद्द्याचंही उत्तर आलं. किरण फार आहेत, मान्य. पण पवित्रा, श्वास, वजन घालून सराव, दहापट गुरुत्वाकर्षणात धडपडणं, ताकद अनेकपट करणाऱ्या कायोकेनची शरीराला बसणारी फेड, हे सगळं तालमीतलंच आहे. तोरियामा जॅकी चॅनच्या ‘ड्रंकन मास्टर’चे चाहते होते आणि सुपर सैयानची, म्हणजे त्या पिवळ्या रूपाची, ती रोखलेली नजर ब्रूस लीवरून घेतली आहे.

सुपरमॅनचं थोडक्यात. मंगा १९८४मध्ये सुरू झाली ती ‘पश्चिमेचा प्रवास’ या जुन्या चिनी कादंबरीतल्या वानरराजावरून. सोन गोकू हे त्याच्याच नावाचं जपानी वाचन. शेपटी, लांब होणारी काठी, उडता ढग, सगळं तिथलं. गोकू परग्रहावरचा हे चार वर्षांनी ठरलं, आणि तेव्हाही तो वाचवलेला नव्हे, मारायला पाठवलेला होता. हा फरक लहान नाही. पण प्रामाणिकपणे सांगायला हवं, की २०१४मध्ये तोरियामांनीच एका छोट्या कथेत हे बदललं. आता आईबाप त्याला वाचवण्यासाठी पाठवतात. या नव्या कथेवर सुपरमॅनचा शिक्का मारलात तर मी भांडणार नाही. मला ती आवडलेलीही नाही.

आता तो पूर्ण खरा मुद्दा: पाच मिनिटं. फ्रीझा म्हणतो नामेक पाच मिनिटांत फुटेल, आणि पुढे जवळपास दहा भाग तो फुटत नाही. याचा बचाव नाही, कारण मात्र आहे. मंगा साप्ताहिकात चालू होती, प्रकरण जेमतेम पंधरा पानांचं, आणि दूरचित्रवाणीवरची मालिका तिच्या टाचेला टाच लावून. पुढची गोष्ट छापलीच नसेल तर दाखवणार काय? मग लांबवलेल्या नजरा, लांबवलेल्या किंकाळ्या, आणि मंगात नसलेली अख्खी प्रकरणं. २००९मध्ये आलेल्या ‘काई’ आवृत्तीने हीच भर काढून टाकली, तेव्हा सेलपर्यंतचे १९४ भाग ९७मध्ये बसले. बरोब्बर निम्मे! मंगा वाचली तर तोच नामेक झरझर उलटतो. पण सगळी भरही टाकाऊ नव्हती. गोकू आणि पिकोलो वाहन चालवण्याचा परवाना काढायला जातात तो भाग भरच आहे, आणि तो ज्याला आवडत नाही त्याच्याशी माझं जमणं कठीण.

अर्धा खरा मुद्दा मरणाचा. सुरुवातीला नियम कडक होते: इच्छा पूर्ण करणारा पृथ्वीचा ड्रॅगन एकाच माणसाला दोनदा उठवू शकत नाही, आणि पिकोलो मेला की त्याच्याशी जीव जोडलेला देवही मरतो, ड्रॅगनला बोलावणारे ड्रॅगन बॉलही जातात. त्यामुळेच गोहानपुढे ढाल होऊन पिकोलो मरतो तेव्हा सगळं एकदम बंद होतं आणि तिथले ड्रॅगन बॉल शोधायला नामेकची वाट धरावी लागते. क्रिलिन आधी एकदा मेलेला असतो, म्हणून फ्रीझाने त्याला उडवल्यावर तो कायमचा गेला असं गोकू समजतो. तो राग तिथून येतो. बूच्या काळात मात्र अख्खी पृथ्वी नष्ट होते आणि एका इच्छेत परत येते, तेव्हा मरणाला काही वजन उरत नाही. हे मान्य. फक्त ट्रंक्सचं भविष्य विसरू नका. तिथे ड्रॅगन बॉल नाहीत. तो परत जाऊन सतरा-अठरांना संपवतो, सेललाही संपवतो, पण त्याचा गुरू गोहान मेलेलाच राहतो, शहरं पडलेलीच राहतात.

मालिकेवर टीका करायची तर खरी जागा वेगळीच आहे, आणि त्या विनोदात तिचा पत्ता नाही. गोकूची बायको चीची एकेकाळी जागतिक स्पर्धेच्या मैदानात उतरलेली लढवय्यी. ‘झी’मध्ये तिचं काम उरतं गोहानला अभ्यासाला बसवणं आणि ओरडणं. मिस्टर सेटनची मुलगी व्हिडेल उडायला शिकते, धिटाईने लढते, आणि गोहानशी लग्नानंतर पडद्याच्या कडेला जाते. बाहेरून चालून आलेल्या प्रत्येकाला ज्या गोष्टीत जागा मिळाली, तिथे या दोघींना मात्र घरी पाठवलं गेलं.