पंख नसले तरी कुपी दगडासारखी पडत नाही

जळगाव-भुसावळकडच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘पंख नसलेली अंतराळकुपी दगडासारखी खाली येते, पॅराशूट उघडेपर्यंत तिच्यावर कुणाचाच ताबा नसतो.’ हे चूक आहे.

सगळी करामत वजनाच्या मांडणीत आहे. कुपीचा गुरुत्वमध्य मुद्दाम मधल्या अक्षापासून थोडा बाजूला ठेवतात. त्यामुळे हवेत शिरताना ती जराशी कलती राहते, तिचं बोथट बूड हवेला एका अंगाला ढकलतं आणि कुपीला उचल, म्हणजे वाटेला आडवं ढकलणारं बल, मिळते. अमेरिकेच्या चांद्रमोहिमांच्या अपोलो कुपीत ही उचल हवेच्या अवरोधाच्या जेमतेम ०.३ पट होती. पण तेवढी पुरते! छोटे थ्रस्टर, म्हणजे वायूचे झोत सोडणारी इंजिनं, कुपीला स्वतःभोवती वळवतात. उचल वरच्या दिशेला आली की पल्ला वाढतो, खाली नेली की घटतो. जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्लांना परत आणणारी ड्रॅगन कुपीही याच जातीची.

मेसेजात तथ्य अजिबात नाही असंही नाही. १९६१ मध्ये पहिले अंतराळवीर गागारिन ज्यातून आले ते गोल व्होस्तोक यान खरोखरच उचलीविना आलं होतं. सोयुझ या रशियन कुपीत बिघाड झाला, तर ती सतत गरगरत येते, म्हणजे उचल कुठल्याच एका दिशेला टिकत नाही. एप्रिल २००८ मध्ये तसंच झालं. नेहमीच्या चारेक जीऐवजी (एक जी म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाइतका जोर) अमेरिकन अंतराळवीर पेगी व्हिटसन आणि त्यांच्या दोन सोबत्यांना आठाहून जास्त जी सोसावे लागले, आणि कुपी ठरल्या जागेच्या चारशेहून जास्त किलोमीटर अलीकडे टेकली. तिकीट मुंबईचं आणि उतरणं भुसावळला!