थांबवता येईल अशी एक लाइन

वेदान्त-फॉक्सकॉनचा १.५४ लाख कोटी रुपयांचा चिप प्रकल्प २०२२ च्या सप्टेंबरात तळेगावऐवजी गुजरातला गेला, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर कितीतरी दिवस दुसरा विषयच नव्हता. प्रकल्प पळवला की जाऊ दिला, बोलणी कोणाच्या काळात फिसकटली, गुजरातने काय सवलती दिल्या. पुढच्याच जुलैत फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतलं. मग २०२४ मध्ये तळोज्याच्या चिप प्रकल्पाला राज्य सरकारने हिरवा कंदील दाखवल्यावर तेच लोक बाजू बदलून तोच वाद घालू लागले. इथे ड्रेस्डेनमध्ये बसून हे सगळं वाचताना मला एक गोष्ट सलत राहिली. कारखाना कुठल्या जिल्ह्यात, यावर सगळे हिरिरीने बोलले. त्याच्या शेजारी कुठलं कॉलेज असेल आणि त्या दोघांचं एकमेकांकडे काय काम असेल, हे कुणी विचारलंच नाही.

मी मुलुंडची. मुंबई विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्समध्ये बीई केलं. आता इथल्या एका कारखान्यात बोर्ड असेंब्लीचं, म्हणजे सर्किट बोर्डवर चिप आणि बाकीचे पार्ट जोडण्याचं, प्रोसेसचं काम बघते. या शहरात इन्फिनिऑन आहे, ग्लोबलफाउंड्रीज आहे, बॉशने २०२१ मध्ये चिपचा कारखाना सुरू केला, आणि तैवानच्या टीएसएमसीने युरोपातल्या पहिल्या कारखान्यासाठी हेच गाव निवडलं. त्याला जर्मन सरकार ५ अब्ज युरोंपर्यंत मदत देतंय. तेव्हा पैशाशिवाय हे झालं असं मी म्हणणार नाही. पण पैसा इथेच का आला, हे बघायला थोडं मागे जावं लागतं. १९८८ मध्ये पूर्व जर्मनीची एक मेगाबिटची पहिली मेमरी चिप याच शहरात तयार झाली. दोन वर्षांत तो देशच उरला नाही, कारखाने कोलमडले, हजारो लोक घरी बसले. राहिलं ते तांत्रिक विद्यापीठ आणि हे काम हाताने केलेली माणसं. नव्वदच्या दशकात आधी सीमेन्स आणि मग एएमडी इथे आले, ते बरंचसं या माणसांच्या भरवशावर.

आता विद्यापीठ आणि कारखाना एकत्र काम करतात म्हणजे नेमकं काय करतात, ते आमच्याच लाइनवरच्या एका दोषावरून सांगते. आमच्या एका बोर्डवर एक चपटी पॉवर चिप बसते. तिच्या पोटाखाली धातूचा मोठा पॅड असतो. चिप तापली की उष्णता त्या पॅडमधून आणि सोल्डरमधून बोर्डात उतरायला हवी. वरून बघितलं तर सगळे जोड चकचकीत. एक्स-रेखाली धरलं की सोल्डरमध्ये फिकट डाग दिसायचे. त्या पोकळ्या. सोल्डरची पेस्ट बोर्डवर छापून ओव्हनमध्ये वितळवतात; तिच्यातल्या फ्लक्सचा, म्हणजे जोड नीट बसावा म्हणून घातलेल्या रसायनाचा, तिथे वायू होतो, त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की तो तिथेच अडकतो, आणि जिथे पोकळी तिथून उष्णता उतरत नाही. असा बोर्ड आमच्याकडे टेस्टिंगला पास होतो आणि गिऱ्हाइकाकडे जाऊन काही महिन्यांनी मरतो.

विद्यापीठातली एक मुलगी तेव्हा आमच्याकडे कामाला होती. इथे शिकता शिकता आठवड्याला वीस तासांपर्यंत पगारी काम करता येतं. तिने रिजेक्ट झालेले बोर्ड मागून घेतले आणि मास्टर्सचा प्रबंध त्याच दोषावर लिहायचं ठरवलं. पेस्ट छापायच्या स्टेन्सिलमध्ये त्या पॅडसाठी एकच मोठी खिडकी होती. तिने तिच्या लहान लहान चौकटी केल्या, म्हणजे मधल्या मोकळ्या पट्ट्यांतून वायू निसटेल. ही युक्ती या धंद्यात जुनी आहे. पण चौकटी किती, पट्टी किती रुंद, ओव्हनमध्ये कुठल्या टप्प्यावर किती वेळ थांबायचं, हे आपल्या बोर्डला आणि आपल्या पेस्टला लावून बघितल्याशिवाय कळत नाही. ते तिने एकेक बदलून बघितलं, आणि आमच्या लाइनला हातही लावला नाही. विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्सची जोडणी आणि पॅकेजिंग या विषयाचीच स्वतंत्र संस्था आहे. तिथलं प्रिंटिंग, तिथला ओव्हन, तिथला एक्स-रे वापरून तिने काम पुरं केलं.

आमची लाइन तिला द्यायची म्हटली असती तर प्रॉडक्शनवाल्यांनी पहिल्याच दिवशी नकार दिला असता, आणि त्यांचं बरोबर होतं. आजची पिक-अँड-प्लेस मशीन तासाला हजारोंनी पार्ट बसवतात. त्यातले काही पार्ट जेमतेम ०.४ मिलिमीटर लांब आणि ०.२ मिलिमीटर रुंद, मिठाच्या कणाएवढे. अशी लाइन तासभर थांबवणं म्हणजे गिऱ्हाइकाची डिलिव्हरी चुकवणं. तंत्र जसजसं पुढे जातं तसतसा कारखान्याच्या आत प्रयोग करणं महाग होत जातं. त्यात नियम बदलतात. २००६ पासून युरोपात बहुतेक उपकरणांतलं शिशाचं सोल्डर बंद झालं. जुनं १८३ अंशांना वितळायचं, नव्याला २१७ च्या पुढे जावं लागतं, आणि त्या एका बदलापायी ओव्हनच्या सेटिंगपासून बोर्डच्या मटेरियलपर्यंत सगळं नव्याने बसवावं लागलं. कारखान्याला अशा वेळी हवी असते थांबवता येईल अशी एक लाइन आणि तिच्यापाशी वेळ देऊन बसणारं माणूस. विद्यापीठाने उद्योगाला द्यायची गोष्ट मला हीच दिसते. बेल्जियममधल्या लूव्हेनला १९८४ मध्ये सुरू झालेलं आयमेक हे संशोधन केंद्र हेच काम चिपच्या पातळीवर करतं: एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या तिथे पैसे भरतात आणि प्रॉडक्शनच्या आधीचे प्रयोग एकाच क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळ शिरू न देणाऱ्या खोलीत, करून घेतात.

हे आपल्या मातीत रुजणार नाही असं कुणी म्हटलं की मी त्यांना माटुंग्याकडे बोट दाखवते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला, तो पुढे तिथे गेला. आपलं यूडीसीटी, आजचं आयसीटी. शहरात गिरण्या होत्या, त्यांना रंगाई-छपाईतलं रसायन जाणणारी माणसं हवी होती, म्हणून कापडाच्या रसायनशास्त्राचा अभ्यासक्रम सुरुवातीपासून होता. पुढे प्रा. मनमोहन शर्मांसारखे शिक्षक तिथे वर्गात शिकवायचे आणि कारखान्यांचे प्रश्नही सोडवायचे. ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. कारखान्याचा प्रश्न हातात घेतला म्हणून त्यांचं संशोधन कुठे उणं पडलं नाही. तिथून हाकेच्या अंतरावर व्हीजेटीआय हे इंजिनिअरिंग कॉलेज आहे, १८८७ सालचं. म्हणजे परंपरा आपल्याकडे आहे, आणि ती जर्मनीतून आणलेली नाही.

मग इलेक्ट्रॉनिक्समध्ये ते का झालं नाही? १९७३ मध्ये अंधेरीला सीप्झ उभं राहिलं, त्याच्या नावातच इलेक्ट्रॉनिक्स होतं: सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन. निर्यातीसाठी माल जोडायचा आणि बाहेर पाठवायचा, अशी ती कल्पना. आज सीप्झ म्हटलं की लोकांना दागिने आणि सॉफ्टवेअर आठवतं. माझं मत असं की जिथे डिझाइन बाहेरून येतं आणि माल बाहेर जातो, तिथे अडलेला प्रश्नसुद्धा बाहेरच सुटतो. कॉलेजकडे यायला काही उरतच नाही. रंग आणि केमिकलवाल्यांचा प्रश्न इथला होता, म्हणून तो माटुंग्याला आला.

आता परिस्थिती बदलते आहे. ठाण्याची वागळे इस्टेट, रबाळे-महापे, वसई, अंबरनाथ या पट्ट्यात बोर्ड जोडणारे लहान-मध्यम कारखाने आहेत. मीटर, चार्जर, लिफ्टचे कंट्रोलर, मेडिकलची उपकरणं. त्यांचे दोष अगदी आमच्यासारखेच असतात, पण एक्स-रे मशीन घेणं त्यातल्या पुष्कळांना परवडत नाही. आणि माझा भाचा, ठाण्याकडच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला, मला फोनवर सांगतो, ‘मावशी, इंडस्ट्रियल व्हिजिट झाली. काचेबाहेरून लाइन बघितली. आत कुणाला सोडत नाहीत.’ कॉलेजचे दोन कंपन्यांशी एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, आहेत. प्रॅक्टिकलला अजून ८०५१ चं किट आहे, १९८० सालच्या चिपचं. पाया पक्का व्हायला ते वाईट नाही. पण शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट बाहेर तयार मिळतात, रिपोर्टसकट, आणि हे व्हायवा घेणाऱ्यांनाही ठाऊक असतं. याचा मला राग येतो. मुलांचा नाही. चांगला दोष हातात मिळाला असता तर हाच पोरगा रात्र रात्र जागला असता, मी त्याला ओळखते.

घरी हा विषय काढला की तीन उत्तरं मिळतात. पहिलं, तिकडे पैसा आहे. आहे. जर्मनी संशोधनावर जीडीपीच्या तीन टक्क्यांहून जास्त खर्च करते, आपण ०.६४ टक्के. पण उद्योगांसाठी संशोधन करणाऱ्या इथल्या फ्राउनहोफरसारख्या संस्थेलाही सरकार साधारण एक तृतीयांशच थेट देतं. बाकीचं उद्योगांची कामं करून आणि प्रकल्प मिळवून उभं करावं लागतं, आणि त्यामुळेच ते लोक कारखान्याचा फोन उचलतात. दुसरं, मुलांना आयटीतच जायचंय. सातव्या सेमिस्टरला सॉफ्टवेअर कंपनीचं ऑफर लेटर हातात पडत असेल आणि कारखान्यातला पगार त्याच्या निम्मा असेल, तर कुठल्या आईबापांनी पोराला लाइनवर पाठवावं? हे उत्तर मला खोडता येत नाही. तिसरं, कंपन्या गुपितं देत नाहीत. यावर मात्र माझं म्हणणं वेगळं आहे. डिझाइन कुणीच देत नाही, इथेही नाही. पोकळी पडलेला जोड हे कुणाचं गुपित नसतं. त्याच्यावरचं पार्टचं नाव खरवडून टाकलं तरी शिकायला पुरतो.

चिपच्या बाबतीत आयआयटी मुंबईने वाट दाखवली आहे. २००६ मध्ये केंद्राच्या मदतीने तिथे नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं केंद्र झालं, आणि पुढे देशभरातल्या इतर कॉलेजांच्या लोकांना तिथल्या सोयी वापरू देणारी योजनाही आली. त्याच आवारातली समीर ही संस्था रेडिओथेरपीची मशीन बनवण्यापर्यंत पोचली. पण पवईच्या क्लीनरूममध्ये शिरणारे थोडे. शहरातल्या बाकीच्या कॉलेजांना मिळून एक साधी बोर्ड असेंब्लीची लाइन हवी आहे: प्रिंटर, एक पिक-अँड-प्लेस, ओव्हन, एक्स-रे. सकाळी विद्यार्थी, दुपारनंतर कारखान्यांचे प्रयोग, तासाचे पैसे लावून.

तिच्यापाशी उभा राहणारा शिक्षकही हवा. इथल्या उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठांत प्राध्यापक व्हायला साधारणपणे पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, त्यातली किमान तीन विद्यापीठाबाहेरची. आपल्याकडे यूजीसीने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची सोय केली, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत. अट पंधरा वर्षांच्या अनुभवाची आहे, पीएचडीची नाही. कळवा, पवई, कांजूरमार्गच्या कारखान्यांतून निवृत्त झालेली कितीतरी माणसं मुलुंड-डोंबिवलीत घरी आहेत. त्यांना कॉलेजातून बोलावणं गेलं पाहिजे.

जर्मनीचं सगळं आलबेल आहे असं नाही. माग्डेबुर्गला इंटेल ३० अब्ज युरोंचा कारखाना काढणार होती; २०२५ मध्ये तिने तो गुंडाळला, आणि तिथेही तळेगावसारखीच हळहळ झाली. एका साध्या करारावर इथले वकील महिनेच्या महिने घेतात. वर्गातल्या जागाही आता बऱ्याच प्रमाणात आपली मुलं भरतात: जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीय आज सगळ्यात जास्त आहेत, २०२३-२४ मध्ये जवळपास ४९ हजार. त्यांतली कितीतरी मुलं घरावर कर्ज काढून इथे येतात आणि एक्स-रेखालची पोकळी आयुष्यात पहिल्यांदा बघतात. रबाळ्यापासून वाशीच्या कॉलेजापर्यंत रिक्षाने जाता येतं.

तेव्हा माझी मागणी फार मोठी नाही. कारखान्याने महिन्याकाठी रिजेक्ट बोर्डांचं एक खोकं कॉलेजात पाठवावं, सोबत लाइनवरच्या एका इंजिनिअरचा फोन नंबर आणि आठवड्यातला त्याचा एक तास. विद्यापीठाने अशा दोषावरच्या कामाला शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे पूर्ण मार्क द्यावेत, आणि दोष सुटला नाही तरी द्यावेत, कारण आमच्याकडेही सगळे सुटत नाहीत. करार मराठीत आणि दोन पानांचा असावा: काय छापायचं नाही आणि काय छापता येईल. आणि त्या मुलाला कारखान्याने पगार द्यावा. नुसता प्रवासखर्च आणि सर्टिफिकेट दिलं तर ठाण्या-कल्याणची ज्यांना घरी पैसे द्यावे लागतात ती पोरं येणारच नाहीत, आणि सोल्डरिंगला खरा हात असतो तो बहुतेक वेळा त्यांचाच.