गजकर्णावरची ‘चार दिवसांची क्रीम’: फॉरवर्डमधला एकेक दावा

पावसाळा लागला की गजकर्णावरचे घरगुती सल्ले मोबाइलवर फिरू लागतात. त्यांचा मजकूर साधारण असा: गजकर्ण रक्त बिघडल्याने होतं, मेडिकलमधून तीन-चार औषधं एकत्र असलेली क्रीम आणा, चार दिवसांत खाज बंद, खाज थांबली की क्रीमही बंद करा, परत उठलं तर लसूण वाटून बांधा, डॉक्टरांच्या गोळ्यांनी लिव्हर जातं, त्यांच्या वाटेला जाऊ नका. यातला शेवटचा दावा तेवढा अर्धा खरा आहे. बाकीच्यांत तेवढंही नाही.

‘रक्त बिघडल्याने होतं’

गजकर्ण म्हणा, नायटा म्हणा, ही बुरशी आहे. ती केराटिन नावाचं प्रथिन खाऊन जगते, म्हणून त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर, केस आणि नखं एवढंच तिचं घर. रक्तशुद्धीचा काढा तिथे पोचत नाही. बुरशी मधून बाहेर पसरत जाते, त्यामुळे कड लालसर, उंच आणि खवलेदार दिसते आणि मधला भाग बराचसा साफ. खात्री करायची तर कडेची खवलं बोथट ब्लेडने खरवडून काचपट्टीवर घेतात, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि दहा-पंधरा मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले धागे शोधतात. खवलं मधली घेतली, किंवा आदल्या दिवसापर्यंत बुरशीनाशक क्रीम लावलेली असली, तर आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. रक्ताचा संबंध एवढाच, की वारंवार उठत असेल तर साखर तपासावी. मधुमेहात गजकर्ण चिवट होतं.

‘मिक्स क्रीम लावा, चार दिवसांत आराम’

आराम पडतो, हीच खरी अडचण आहे. या ट्यूबमध्ये बहुधा एक बुरशीनाशक, एक अँटिबायोटिक आणि एक स्टेरॉइड असतं. पुष्कळदा क्लोबेटासोल, म्हणजे त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडमधलं सर्वांत जहाल. लाली आणि खाज ही बुरशीची नव्हे, बुरशीशी लढणाऱ्या आपल्या प्रतिकारशक्तीची लक्षणं. स्टेरॉइड ती लढाईच थांबवतं. खाज जाते, कड पुसट होते आणि बुरशी निवांत पसरते. क्रीम बंद केली की आठवडाभरात दुप्पट जागेवर उठते, माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो, आणि हे महिनोन् महिने चालतं. मग चट्ट्याचं रूपही बदलतं: कड नाहीशी होते, किंवा एका कड्यात दुसरं कडं दिसतं. असं गजकर्ण पाहून अनुभवी डॉक्टरही क्षणभर चकतात.

जांघ आणि काखेतली त्वचा पातळ, तिथे औषध जास्त शोषलं जातं. काही आठवड्यांत जांघेत रुंद, गुलाबी भेगांसारखे पट्टे पडतात. ते फिके होतात, पण जात नाहीत. चेहऱ्यावर लावली तर पुरळ, लव आणि सततची लाली. बाळाच्या लंगोटाखाली तर ही क्रीम कधीच लावू नये.

ट्यूब घेताना बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, किंवा शेवटी ‘सोन’ असलेलं नाव (बीटामेथासोन, मोमेटासोन) दिसलं की ते स्टेरॉइड. क्लोट्रिमाझोल मात्र बुरशीनाशक आहे. काउंटरवर घाईत ‘क्लो...’ एवढंच ऐकून भलतीच ट्यूब हातात येते. २०१८ पासून अशी स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा आहे. तरी ती मिळतात. दोष फक्त दुकानदाराचा नाही. कित्येक चिठ्ठ्यांवरही हीच क्रीम लिहिलेली असते.

आधीच वापरत असाल तर स्टेरॉइड थांबवल्यावर काही दिवस खाज उसळते. तेव्हा रात्री सेटिरिझिनसारखी खाजेवरची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, जुनी ट्यूब पुन्हा उघडू नका. चेहऱ्यावर किंवा बऱ्याच जागेवर महिनोन् महिने लावली असेल तर ती कशी थांबवायची, हेही त्वचारोगतज्ज्ञच ठरवतील.

‘खाज थांबली की बंद करा’

खाज आधी जाते, बुरशी नंतर. साधी बुरशीनाशक क्रीम कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायची आणि त्वचा साफ दिसू लागल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायची. प्रमाणातही सगळेच कमी पडतात. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी क्रीम म्हणजे अंदाजे अर्धा ग्रॅम; ती बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. चट्टे मिळून चार तळव्यांएवढे असतील आणि क्रीम दिवसातून दोनदा लावायची असेल, तर रोज दोन ग्रॅम लागते. १० ग्रॅमची ट्यूब पाच दिवसांत संपायला हवी. ती महिनाभर पुरत असेल, तर ‘औषधाचा गुण येत नाही’ ही तक्रार औषधाची नाही.

‘लसूण बांधा’

लसूण बांधून ठेवला की त्वचा भाजते, फोड येतात. त्या जखमेत जंतू शिरले की दोन आजार होतात. टाकळ्याचा पाला कोकणात पूर्वापार लावतात आणि त्याला काही आधार आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत ‘गोवा पावडर’ नावाची ब्राझीलच्या झाडाची भुकटी गजकर्णावर प्रसिद्ध होती, तिच्यात टाकळ्यातल्या रसायनांच्याच जातकुळीची द्रव्यं होती. पण तीही त्वचा जाळायची, कपडे डागाळायची. आज कमी त्रासाची औषधं हाताशी असताना तो खटाटोप कशाला?

‘गोळ्यांनी लिव्हर जातं’

हा तो अर्धा खरा दावा. टर्बिनाफिन आणि इट्राकोनॅझोल ही पोटात घ्यायची बुरशीनाशकं क्वचित यकृताला त्रास देतात, म्हणून लांबचा कोर्स असेल किंवा आधीच यकृताचा आजार असेल तर तपासणी करतात. हृदय कमकुवत असलेल्यांना इट्राकोनॅझोल देत नाहीत, गरोदरपणात टाळतात, कोलेस्टेरॉलच्या सिमव्हास्टॅटिनबरोबर ते चालत नाही. म्हणून डॉक्टरांना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सांगायच्या. इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूलला पोटातलं आम्ल लागतं, ती भरपेट जेवणानंतर घ्यायची. रोज पित्ताची गोळी घेणाऱ्यांना ती नीट लागू पडत नाही आणि ‘कोर्स करूनही गेलं नाही’ म्हणतात, त्यातले काही असे.

पूर्वी टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम दोन आठवडे घेतलं की काम व्हायचं. आता भारतात ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी पसरली आहे. २०२० मध्ये तिचं वेगळं नामकरण झालं आणि २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण नोंदले गेले. टर्बिनाफिन बुरशीच्या ज्या एन्झाइमवर घाव घालतं, त्याच्या जनुकातच बदल झाल्याने ती पुष्कळदा दाद देत नाही. म्हणून आता बहुतेक वेळा इट्राकोनॅझोल, तेही अनेक आठवडे, द्यावं लागतं. मुलांच्या डोक्यातलं गजकर्ण क्रीमने जातच नाही. केसाच्या मुळापर्यंत पोचायला पोटातलंच औषध लागतं.

प्रत्येक गोल चट्टा गजकर्णच असतो असंही नाही. शिब्यांना कडं नसतं, छाती-पाठीवर बारीक कोंडा असतो. खरजेची खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत असते आणि घरातल्या बऱ्याच जणांना सुटते. चट्ट्याला खाज नाही, खवलं नाहीत आणि कापसाचा स्पर्श कळत नाही, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात त्याचं औषध मोफत मिळतं.

औषध चालू असताना टॉवेल आणि कपडे वेगळे ठेवा, ६० अंशांच्या पाण्यात धुवा, उलटे करून उन्हात वाळवा, शिवणीवर इस्त्री फिरवा. पावसात अर्धवट ओली जीन्स चढवण्यापेक्षा सैल सुती पायजमा बरा. कमरेचा करगोटा आणि मनगटातला जुना धागा काढून टाका, कारण बुरशी त्यातही टिकते. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यांचेही उपचार त्याच वेळी सुरू करायचे, नाहीतर एकाचं बरं होईतो दुसऱ्याचं त्याला परत लागतं.