मतपेटीतून सुरू झालेली फाळणी

फाळणीचा विषय निघाला की ‘इंग्रजांनी फोडा आणि झोडा केले’ एवढ्यावर आपण थांबतो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. ठाणेकरांनी तरी तेवढ्यावर थांबू नये. सिंधमधून उखडलेली कुटुंबे आपल्याच जिल्ह्यात, कल्याणजवळच्या लष्करी छावणीतील बरॅकींमध्ये उतरली आणि त्या छावणीचेच पुढे उल्हासनगर झाले.

माझ्या मते स्वातंत्र्यलढ्याला खरी चीर पडली ती १९०९च्या मोर्ले-मिंटो सुधारणांतील, म्हणजे ब्रिटिश सरकारने कायदेमंडळांत केलेल्या बदलांतील, विभक्त मतदारसंघांनी. राखीव जागेवरच्या मुस्लिम उमेदवाराला मुस्लिम मतदारांनीच निवडायचे, म्हणजे शेजारच्या आळीतील हिंदूच्या दारात मत मागायला जाण्याची त्याला गरजच उरली नाही, आणि पुढे उरलेल्या जागांवर हिंदू उमेदवाराचेही मुस्लिम मतावाचून अडेनासे झाले. धर्मभेद आधीही होता. त्याच्यावर आता राजकीय पोट भरू लागले.

काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यातील १९१६च्या लखनौ करारात टिळक आणि जिना यांनी एकजुटीसाठी हीच व्यवस्था मान्य केली. टिळकांविषयी नितांत आदर बाळगूनही मला वाटते की त्या एकजुटीची किंमत फार मोठी होती, कारण परक्या सरकारने आखलेल्या रेषेला त्यामुळे आपल्याच नेत्यांची संमती मिळाली.

फेब्रुवारी १९४६मध्ये मुंबईत ‘तलवार’ या नौदल तळावरील खलाशी निकृष्ट अन्न आणि अपमानास्पद वागणुकीविरुद्ध उठले, तेव्हा काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट या तिन्ही पक्षांचे झेंडे त्यांनी एकत्र फडकवले. गिरणी कामगार त्यांच्यासाठी रस्त्यावर आले, गोळीबारात माणसे मेली. तरीही सरदार पटेल आणि जिना या दोघांनीही शरणागतीचाच सल्ला दिला. नेत्यांची शिस्तीची काळजी मी समजू शकतो. पण सामान्यांनी आपणहून साधलेली ती एकी पुढे नेण्याची निकड कोणत्याच पक्षाला वाटली नाही, याचे मला आजही दुःख होते.

त्याच सुमारास प्रांतिक निवडणुका होत होत्या, त्याही विभक्त मतदारसंघांतूनच. १९३७मध्ये मुस्लिम जागांपैकी चौथा हिस्साही न मिळवलेल्या लीगने केंद्रीय विधिमंडळातील तीसच्या तीस मुस्लिम जागा जिंकलेल्या होत्या. मालमत्ता आणि शिक्षणाच्या अटींमुळे बहुसंख्य प्रौढांना, हिंदू असोत वा मुसलमान, मताचा अधिकारच नव्हता. तरी तो निकाल साऱ्या मुस्लिम समाजाचा कौल मानला गेला. ऑगस्ट १९४६मध्ये हिंदू-मुस्लिम दंगलींनी कलकत्ता पेटले. संविधान सभेने विभक्त मतदारसंघ नाकारले तेव्हा ऑगस्ट १९४७ उजाडला होता आणि देशाची सीमा आखून झाली होती.