‘टीटी’तला दुसरा ‘टी’

“लसीत जिवाणूंचं विष मिसळतात. त्याने प्रतिकारशक्ती खचते. परदेशी कंपन्या हे लपवतात. स्वित्झर्लंडमध्ये अशा लसीने लोकांची तोंडं वाकडी झाली!” हा मजकूर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा तिसऱ्यांदा आला. खाली एका आईने विचारलं होतं, बाळाचा दहा आठवड्यांचा पेंटाचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात धरून पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचा) डोस पुढे ढकलू का? म्हणून हे लिहायला बसलो. गंमत म्हणजे त्यातलं शेवटचं वाक्य खरं आहे. त्याकडे येतोच.

लपवालपवीचं आधी उरकू. खिळा लागला की आपण विचारतो, ‘टीटी घेतली का?’ त्यातला दुसरा ‘टी’ टॉक्सॉइडचा, म्हणजे निर्विष केलेल्या विषाचा. नावातच सांगितलंय.

‘विष मिसळतात’ हे अर्धसत्य. गास्तों रामों या फ्रेंच पशुवैद्याने १९२०च्या दशकात घटसर्पाचं विष फॉर्मलिन घालून उबेत ठेवलं. मारकपणा गेला, पण शरीराला ओळख पटेल इतका आकार शाबूत राहिला. पुढे याच विषाचं सीआरएम-१९७ नावाचं रूप सापडलं. पाचशेहून जास्त अमिनो आम्लांच्या साखळीत बदल फक्त एक, ५२व्या जागी, आणि विष निकामी! आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला म्हणतात. इथे ‘मा’चा ‘ध’ झाला. न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जिवाणूची साखरेची कवचं दोन वर्षांखालच्या बाळांना नीट ओळखता येत नाहीत. ती अशा निकामी केलेल्या विषाच्या प्रथिनाला जोडली की येतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या न्यूमोकॉकल लसीत हेच सीआरएम-१९७ आहे. आफ्रिकेत २०१०पासून दिल्या गेलेल्या त्यांच्या मेनिंजायटिसच्या लसीत धनुर्वाताचं टॉक्सॉइड होतं. परदेशी कंपन्या म्हणणाऱ्यांनी हडपसरला चक्कर मारावी.

‘प्रतिकारशक्ती खचते’ हे तर साफ उलटं. नुसतं शुद्ध प्रथिन टोचलं तर शरीर बहुधा फारसं मनावर घेत नाही. शत्रू आल्याची हाकाटी लागते. साल्मोनेला या जिवाणूच्या आवरणातला लिपिड-ए हा विषारी भाग अशीच हाकाटी करतो. त्यातला एक फॉस्फेट काढला आणि रचना थोडी सौम्य केली की विषारीपणा खूप उतरतो, हाक मात्र ऐकू जाते. नागिणीच्या नव्या लसीत हा पदार्थ, चिली देशातल्या एका झाडाच्या सालीतल्या अर्काबरोबर, दर डोसला ५० मायक्रोग्रॅम असतो. पन्नाशीपुढच्या लोकांवरच्या मोठ्या चाचणीत या लसीने सुमारे ९७ टक्के संरक्षण दिलं. वय वाढलं की लसी सहसा लंगड्या पडतात, पण ही सत्तरीनंतरही ९०च्या आसपास टिकली.

आता स्वित्झर्लंड. २०००-०१च्या हंगामात तिथे फ्लूची नाकात फवारायची लस आली. तिच्यात ई. कोलाय या जिवाणूचं विष थोडं, पण मूळ रूपातच होतं. लस घेतलेल्यांपैकी काहींच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. नोंदी झाल्या, लस बाजारातून काढली, २००४मध्ये अभ्यास छापून आला आणि त्यात धोका कैक पटींनी वाढलेला दिसला. हे विष मज्जापेशींवरच्या एका रेणूला चिकटतं, त्यामुळे संशय त्याच्यावरच आहे. माझ्या मते ती चूकच होती. पण तिच्यावरून पेंटाला झोडपणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आपल्याकडे २०२२मध्ये मंजूर झालेल्या नाकातल्या कोव्हिड लसीतही हे विष नाही. ती ॲडेनोव्हायरस नावाच्या विषाणूवर बेतलेली आहे.

राहता राहिला त्या आईचा प्रश्न. पेंटानंतर ताप येतो, मांडी सुजते, बाळ किरकिरतं. त्याचं एक कारण डांग्या खोकल्याचे मारलेले अख्खे जिवाणू. त्यांच्यातलेच विषारी अंश घटसर्प आणि धनुर्वाताविरुद्धचा प्रतिसादही वाढवतात. हे अंश गाळलेली महाग लस मिळते. ताप कमी येतो, पण डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण लवकर ओसरतं. बाळाला आधीच्या डोसनंतर झटका किंवा गंभीर ॲलर्जी झाली नसेल, तर डोस ढकलू नका, असं तिला तिथेच लिहिलं. ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो.