‘पंचविशीच्या आत दारूचा ट्रे उचलला तर जेल’? जरा थांबा

नागपुरातल्या पालकांच्या ग्रुपांवर सध्या हा मेसेज फिरतोय: ‘सुप्रीम कोर्टाचा आदेश! 25 वर्षांखालच्या मुलाने हॉटेलात दारू सर्व्ह केली तर थेट जेल. मुलींना तर पूर्ण बंदी. गिऱ्हाईक कमी वयाचं निघालं तरी वेटरच अडकतो. लग्नाच्या लॉनवर आणि घरच्या पार्टीत मात्र कायदा लागत नाही, तिथे कोणत्याही वयाचा पोरगा चालतो. अनुज गर्ग केस वाचा.’ माझ्या बहिणीने तो वाचला आणि मुलाचं हॉटेल मॅनेजमेंटचं ट्रेनिंगच रद्द करायला निघाली. म्हणून हे लिहिणं आलं.

अनुज गर्ग केस वाचा म्हणता ना, मग आधी तुम्हीच वाचा. ती केस दिल्लीची. तिथे लागू असलेल्या पंजाब अबकारी कायद्याचं, म्हणजे 1914 च्या कायद्याचं, कलम 30 म्हणत होतं की लोक जिथे बसून दारू पितात तिथे 25 वर्षांखालचा पुरुष आणि कोणत्याही वयाची स्त्री कामाला ठेवायची नाही. दिल्ली हायकोर्टाने हे कलम स्त्रियांपुरतं घटनाबाह्य ठरवलं. त्याविरुद्धचं अपील सुप्रीम कोर्टात न्या. एस. बी. सिन्हा आणि न्या. एच. एस. बेदी यांच्यापुढे आलं आणि 6 डिसेंबर 2007 ला फेटाळलं गेलं. निकालात हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलामुलींचा वेगळा उल्लेख आहे: ही मुलं लहान वयात पास होऊन बाहेर पडतात, अशी बंदी अक्षरशः पाळली तर त्यांचा पैसा, वेळ, मेहनत सगळं वाया जाईल. म्हणजे ज्या निकालाने या पोरांची बाजू घेतली, तोच त्यांना घरी बसवायला फॉरवर्ड होतोय. आणि पंजाबचा तो कायदा महाराष्ट्राला लागू नाहीच. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा आणि त्याखालचे नियम चालतात.

आपल्याकडचं 25 हे वय पिणाऱ्याचं आहे, वाढणाऱ्याचं नाही. व्हिस्की, रम, व्होडका, देशी यांना 25 पूर्ण, बिअर-वाइनला 21.

आता नाइलाजाने एक गोष्ट मान्य करावी लागते. परमिट रूममध्ये कोणीही उठून पेग भरू शकत नाही. तिथे काम करणाऱ्याचा नोकरनामा, म्हणजे तो तिथे कामाला आहे असा अधिकृत कागद, लागतो आणि राज्य उत्पादन शुल्कचे लोक तपासणीला आले की आधी तोच मागतात. ट्रेनिंगच्या पोराला ‘आज बारवर माणूस कमी आहे, जरा ट्रे धर’ म्हणून पाठवलं आणि त्याचा नोकरनामा नसला, तर गडबड होते. ती नोकरनाम्याची गडबड आहे, पंचविशीची नाही.

मुलींचा मुद्दा तर वरच्या निकालातच निकाली निघाला. डान्स बारचं प्रकरण वेगळं होतं, ते नाचण्याबद्दल होतं. उरतो वेळेचा प्रश्न. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री 9:30 ते सकाळी 7 या वेळात स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि सुरक्षेची सोय लागते. यालाच कोणी ‘पूर्ण बंदी’ म्हणत असेल तर त्याला काय म्हणावं!

मेसेजमधलं खरं घातक वाक्य शेवटाकडचं आहे: लॉनवर कोणत्याही वयाचा पोरगा चालतो. नाही चालत. बाल न्याय कायदा, 2015, कलम 78: दारू विकायला, फेरीने विकायला, वाहून न्यायला, पुरवायला किंवा तिच्या तस्करीला 18 वर्षांखालच्या मुलाचा वापर करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. यात बार की लॉन, असा फरक कुठेच नाही.

लग्नसराईत कोराडी रोडच्या, वर्धा रोडच्या लॉनवर काय होतं बघा. ठेकेदार वस्तीतली दहा-बारा पोट्टे उचलतो, पांढरा शर्ट-काळी पँट चढवतो. एक जण टेम्पोतून पेट्या काउंटरवर आणतो, दुसरा सोडा-बर्फासोबत भरलेले ग्लास टेबलावर ठेवतो. ‘तो ओतत नाही ना, मग काय?’ असं ठेकेदार म्हणतो. पण पेटी आणणं म्हणजे वाहून नेणं आणि ग्लास टेबलावर ठेवणं म्हणजे पुरवणं. रात्री उरलेली अर्धी बाटली बक्षीस म्हणून त्याच पोरांच्या हातात दिली, तर कलम 77 लागतं आणि शिक्षा तेवढीच. दोन्ही कलमांत आरोपी तो मुलगा नाही, त्याला कामाला लावणारा किंवा दारू देणारा आहे.

ठेकेदार आणखी एका जागी फसतात. आधार कार्ड पाहून ‘अठरा झाले’ म्हणतात. वयाचा वाद झाला तर याच बाल न्याय कायद्याचं कलम 94 आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला बघतं, तो नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तर हाडांची तपासणी. आधार त्या यादीत नाही. दहावीच्या सनदेची झेरॉक्स घेऊन ठेवायला काय लागतं?

कमी वयाच्या गिऱ्हाइकाला दिली तर वेटर अडकतो, हे अर्धं खरं. 2024 च्या मे महिन्यात पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर, गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला दारू दिल्याच्या आरोपावरून बारच्या लोकांना अटक झाली, त्यात मॅनेजरही होते. तेव्हा ‘वेटरच’ नाही, वरचेही अडकतात. बहुतेक चुका टेबलावरच होतात: ऑर्डर देणाऱ्याचं ओळखपत्र पाहायचं आणि बाकी चौघांचं सोडून द्यायचं. बावीस वर्षांच्या मुलाला बिअर चालते म्हणून कॉकटेलही द्यायचं, जेव्हा त्यात व्होडका किंवा रम असते. पिणाऱ्या प्रत्येकाची जन्मतारीख ऑर्डर घेतानाच पाहायची, बिल करताना नाही.

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. तिथल्या ढाब्यावर दारू वाढणारा एकोणीसचा असो की पन्नासचा, गुन्हा तोच. नागपुराहून बुटीबोरीपुढे वर्ध्याकडे कामाला जाणाऱ्या पोरांना हे आधी सांगा.

ट्रेनिंग रद्द करू नका. कॉलेजच्या पत्रात विभाग लिहून घ्या: किचन, फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, रेस्टॉरंटमधली जेवणाची सर्व्हिस. आणि त्याखाली एक ओळ, की नोकरनामा झाल्याशिवाय बार काउंटरवर ड्युटी लावू नये.